तोंडातून काढलेल्याची कैफियत

फाइलच्या सातव्या पानावर, गोल शिक्क्याच्या वर, निळ्या शाईत एक निर्णय लिहिलेला आहे. तो असा : ‘रुग्णाने सर्व सूचनांचे तंतोतंत पालन केले. तरीही मौखिक उपकरण निष्फळ ठरले. सबब उपकरण बंद.’

वाक्ये तीन आहेत. पहिले खोटे आहे. दुसरे पहिल्याच्या खांद्यावर उभे आहे. तिसऱ्याने माझे आयुष्य संपवले. मित्रांनो, ‘सबब’ हा शब्द फार जपून वापरावा. त्याचा एक अर्थ ‘म्हणून’ असा होतो आणि दुसरा अर्थ ‘न केलेल्या कामासाठी पुढे केलेले निमित्त’ असा होतो. सातव्या पानावरच्या सबबीत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी नांदत आहेत, आणि लिहिणाऱ्या डॉक्टरांना त्याचा पत्ताही नाही.

मी एक जुने मौखिक उपकरण आहे. जुने म्हणजे अडीच वर्षांचे; पण त्यातली पावणेदोन वर्षे मी डबीत काढली आहेत, आणि डबीतले वर्ष मोठे असते. वरच्या दातांवर बसणारा एक पारदर्शक साचा, खालच्या दातांवर बसणारा दुसरा, आणि दोन्ही गालांच्या बाजूंना एकेक बारीक स्क्रू, एवढाच माझा देह. काही माणसे झोपली की त्यांचा खालचा जबडा मागे घसरतो, त्याच्याबरोबर जीभ घशात पडते, हवेची वाट बुजते आणि श्वास थांबतो. मग मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागे करतो, श्वास परत येतो, आणि पुन्हा तेच. मी खालचा जबडा थोडासा पुढे धरून ठेवते. स्क्रू जितका उघडेल तितका जबडा पुढे. वीज नाही, नळी नाही, घरघर नाही. हे माझे सगळे शास्त्र. ते समजायला कोणाला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागू नये. माझ्या माणसाची त्यात सव्वा दोन वर्षे गेली.

त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. लांबच लांब पाइपलाइन टाकणाऱ्या एका कंपनीत तो गॅसच्या ज्योतीने पाइप कापायचा आणि जोडायचा. तीस वर्षे. त्याने जोडलेल्या पाइपाला गळती लागत नाही, असे म्हणत. तोही असेच म्हणे, आणि जरा जास्त वेळा म्हणे. मग एके दुपारी तो डोळ्यांवर काळा चष्मा लावून पाइपासमोर बसला आणि बराच वेळ हललाच नाही. सहकाऱ्यांना वाटले, जोड तपासतो आहे. तो झोपला होता. हातातल्या ज्योतीने हातमोज्याचा अंगठा जाळला तेव्हा तो जागा झाला. पुढच्याच आठवड्यात तसेच पुन्हा घडले. कंपनीच्या डॉक्टरांनी त्याच्या हातातून ज्योत काढून घेतली. तपासणीत निघाले, की झोपेत त्याचा श्वास ताशी सव्वीस वेळा थांबतो. हे प्रमाण दहाच्या आत आल्याखेरीज त्याला लाइनवर पाठवायचे नाही, असा हुकूम झाला. तोवर भांडारात बसायचे आणि खिडकीतून लोकांना हातमोजे द्यायचे.

ज्याने तीस वर्षे आग हाताळली त्याने खिडकीतून हातमोजे द्यायचे. आणि त्याच्या जागी लाइनवर कोण गेला? त्याच्याच बायकोचा भाऊ, चाळिशी ओलांडलेला, मिस्त्रीच्याच हाताखाली तयार झालेला. हे लक्षात ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

लाइनवर, म्हणजे पाइपलाइनच्या कामावर, माणसे लोखंडी खोक्यांत राहतात आणि काम सरकेल तसा तळही पुढे सरकतो. काम थांबले की जनरेटरही थांबतो. म्हणून विजेवर चालणारे, मुखवट्यातून घशात हवा ढकलणारे हवेचे यंत्र तिथे निरुपयोगी, आणि म्हणून माझा जन्म.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मऊ लगद्याने भरलेला साचा मिस्त्रीच्या तोंडात घातला.

“आ करा. अजून. अहो, अजून मोठा! पाइपाचं तोंड एवढंच असतं का?”

“आडा आइप,” मिस्त्री लगद्यातून म्हणाला; ‘जाडा पाइप’ म्हणायचे होते.

“बोलू नका. ठसा हलेल. इतकं बोलणारा माणूस झोपेत गप्प होतो, हीच तर तक्रार आहे.”

त्या ठशावरून प्लास्टरचे दात झाले आणि त्या दातांवर मी. मला घडवणारा कारागीर प्रयोगशाळेत खिडकीशी बसे. त्याने मला आठ वेळा घासले. माझी कड हिरडीला टोचू नये म्हणून ती तो स्वतःच्या ओठावर फिरवून पाही. जबडा दुखला तर थोडे मागे येता यावे म्हणून त्याने दोन्ही स्क्रू पंधरा फेरे उघडे ठेवले. आणि शेवटी, साठीकडे झुकलेल्या डोळ्यांना दिसावा म्हणून, प्रत्येक स्क्रूशेजारचा कोरलेला बाण त्याने लाल रंगाने भरला. माझ्यावर मनापासून माया करणारा तो एकच माणूस. त्याच मायेने माझा घात केला.

बाईंनी मला मिस्त्रीच्या हाती दिले तेव्हा एक छोटी खिळी आणि एक कार्डही दिले. “ही खिळी भोकात घालायची. बाणाच्या दिशेने एक फेरा. दर तिसऱ्या दिवशी, दोन्ही बाजूंना. फिरवलं की कार्डावर खूण करायची. एकदा करून दाखवू का?”

“बाई,” मिस्त्री म्हणाला, “आम्हाला स्क्रू शिकवताय?”

बाई हसल्या आणि त्यांनी दाखवायचे सोडून दिले. त्यांचा दोष इथे सुरू होतो आणि इथेच संपतो. पण तो दोष आहे, आणि मी तो नोंदवून ठेवते.

पहिला फेरा घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. बायको कार्ड वाचत होती, मिस्त्रीने भिंग डोळ्याला लावले होते.

“बाणाच्या दिशेने, असं लिहिलंय,” ती म्हणाली.

“लिहू दे. हा बाण लाल आहे.”

“मग?”

“मग काय? लाल म्हणजे गॅस. आमच्या सिलिंडरची लाल नळी गॅसची, आणि गॅसला कायम उलटे आटे. घाईत कोणी चुकीची नळी जोडू नये म्हणून. सगळी दुनिया उजवीकडे आवळते, लालवाला डावीकडे. खूण ज्याने केली त्याला रंग माहीत होता, बाण काढणाऱ्याला आटे माहीत नव्हते.”

“अहो, पण हे दातांचं आहे. सिलिंडर नाही.”

“आटे ते आटे. तू कार्डावर खूण कर.”

तिने खूण केली. तिला दोष देण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे. पण त्या घरातला प्रत्येक नळ, प्रत्येक कडी, बरणीचे प्रत्येक घट्ट झाकण तीस वर्षे त्याच्याच म्हणण्याने फिरत आले होते, आणि एकदाही चुकले नव्हते. बरोबर असण्याची इतकी सवय लागलेल्या माणसाशी वाद घालायला शास्त्र पुरत नाही.

तर, मित्रांनो, मी उलटी वाटचाल सुरू केली. दर तिसऱ्या दिवशी जबडा पुढे जायचा, तो दर तिसऱ्या दिवशी मागे येऊ लागला. पंधरवड्याला बाईंचा फोन येई.

“फिरवलं का?”

“फिरवलं.”

यात असत्य काहीच नाही, हे पाहा. ‘फिरवणे’ या क्रियापदाला दिशा नाही. मीठ घातले का, असे विचारले आणि उत्तर ‘घातले’ असे आले, तर ते कशात घातले हे विचारणाऱ्यानेच विचारायला हवे. कार्डावर तारखेचा रकाना होता, खुणेचा रकाना होता. दिशेचा नव्हता. दीड महिन्यात पंधरा खुणा झाल्या आणि मी पुरते मिटले. मिस्त्रीने खिळी लावून पाहिली, पुन्हा लावून पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते मी आजही विसरू शकत नाही.

“घट्ट,” तो बायकोला म्हणाला. “केसभरही हलत नाही आता. फिट्ट.”

त्याच्या धंद्यात काम संपल्याची खूण हीच. जे घट्ट बसले ते गळत नाही. त्याने कार्डावर ठळक अक्षरांत ‘पूर्ण’ असे लिहिले. माझ्या धंद्यात घट्ट मिटणे म्हणजे हात बांधून पहाऱ्यावर उभे राहणे. चोर समोरून जातो आणि पहारेकरी फक्त हजेरी लावतो.

मला लावून दुसरी तपासणी झाली. सव्वीसाचे चोवीस. झोपेच्या डॉक्टरांनी कार्ड पाहिले : पंधरा तारखा, पंधरा खुणा, पूर्ण. इतके नेटके कार्ड त्यांनी क्वचितच पाहिले असेल. त्यांनी सातवे पान उघडले आणि ती तीन वाक्ये लिहिली. ‘तंतोतंत’ या शब्दात तंतू दोनदा येतो. बाणाचा तंतू मात्र त्यांनी एकदाही तपासला नाही.

आणि मग ते आले. हवेचे यंत्र.

मला इथे थांबून एक कबुली दिली पाहिजे. आपल्या भाषेत या विकाराला तीन शब्द आहेत. दुसऱ्याचे पाहून आपल्यालाही हवेसे वाटणे, तो हेवा. दुसऱ्याच्या गुणांतही खोट काढणे, ती असूया. आणि दुसऱ्याचे जावे, मग आपल्याला मिळो न मिळो, असे वाटणे, तो मत्सर. सुज्ञ लोक यांतला एखादा पत्करतात. मी पहिल्या आठवड्यात हेवा केला, दुसऱ्यात असूया, आणि तिसऱ्या आठवड्यापासून निव्वळ मत्सर. तो अजून चालू आहे.

त्या यंत्रासाठी पलंगाशेजारी वेगळे टेबल आले. मला कधी साध्या बशीचाही मान मिळाला नव्हता. बायकोने त्याच्यासाठी निळ्या दोऱ्याचे झाकण विणले. त्याला पिण्यासाठी शुद्ध केलेले पाणी लागे. घरातली माणसे नळाचे पाणी पीत. दर रविवारी त्याचा मुखवटा कोमट साबणपाण्यात धुतला जाई आणि त्याची नळी गच्चीत दोरीवर वाळत पडे, जणू घरात कोणी बाळंत झाले आहे. बायको त्याला ‘साहेब’ म्हणू लागली.

“साहेबांचं पाणी बदललं का?”

“बदललं.”

“जाळी झटकली?”

“झटकली. माझी तू कधी इतकी चौकशी केली नाहीस.”

शेजारीपाजारी ते पाहायला येत. एकाने तर चपला दाराबाहेर काढल्या. आणि त्या यंत्राची लबाडी अशी, की त्याला एक पडदा होता. रोज सकाळी ते त्या पडद्यावर हसरा चेहरा काढून दाखवी : किती तास झोपलात, किती वेळा श्वास थांबला, शाब्बास. स्वतःच्या कामाचे कौतुक स्वतःच छापून रोज मालकापुढे ठेवणारा नोकर तुम्ही पाहिला असेल. तो लवकर वर चढतो. मला पडदा नव्हता. मी अख्खी रात्र दातांखाली दबून काम करी आणि सकाळी माझ्यावर फक्त लाळ असे.

मान्य करण्याची वेळ आली आहे, तेव्हा करते. त्या यंत्राने श्वास थांबण्याचे प्रमाण चारवर आणले. ताशी चार! हा आकडा मी फाइलच्या नवव्या पानावर वाचला, आणि दात असते तर ओठ खाल्ले असते. ते जिंकले, याला माझी हरकत नाही. पण ते माझ्याशी लढून जिंकले नाही. माझे हात बांधून मला आखाड्यात उभे केले होते, आणि पंचाने निकालात लिहिले, ‘प्रतिस्पर्धी दुबळा.’

फाइल मी कशी वाचली, असे तुम्ही विचाराल. मला आधी न्हाणीघरातल्या फळीवर ठेवले, मग सुट्या गुंड्या, संपलेले सेल आणि तुटलेला घड्याळाचा पट्टा यांच्यासोबत एका खणात, आणि शेवटी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, त्याच फाइलवर. विद्वानांचा शेवट असाच होतो. ज्या कागदांनी त्यांना संपवले त्यांच्यावरच त्यांना बसवतात.

एका रविवारी दुपारी मिस्त्री जेवून यंत्र लावून आडवा झाला होता. वीज गेली. यंत्राची घरघर थांबली. पडद्यावरचा हसरा चेहरा मालवला. आणि मिस्त्रीच्या घशातून तो जुना, ओळखीचा, दोर तुटल्यासारखा आवाज आला, मग शांतता. कपाटाचे दार उघडे होते. मला सगळे ऐकू येत होते. मित्रांनो, मला आनंद झाला. ‘आता बोलवा तुमच्या साहेबांना,’ असे मी म्हणाले. तो आनंद पुढचा श्वास येईपर्यंत टिकला. आणि तो श्वास यायला इतका वेळ लागला, की मधल्या वेळात मी काय झाले आहे हे मला पुरते कळले. मी माणसाचा श्वास राखण्यासाठी घडवले गेले होते, आणि त्याचा श्वास अडकला म्हणून हसत होते. माझ्या रागाच्या या बाजूचा बचाव मी करणार नाही.

सुटीवर आलेला मेहुणा त्याच संध्याकाळी घरी आला. दाराशीच त्याने आरोळी दिली.

“काय दाजी! साहेबी थाट ऐकतोय. नळी लावून झोपता म्हणे. आता नुसतं शेपूट राहिलं.”

“ये बाबा. तुझ्या ताईला विचार, ती मला हत्ती म्हणते.”

“मी कुठे म्हणते? घोरण्यावरून म्हणायचे, आता म्हणत नाही,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“तिकडे सगळे तुमचं नाव काढतात, दाजी. हे बघा, नदीखालचा जोड. परवाच झाला. लाइनवरचे साहेब म्हणाले, यात सुईसुद्धा शिरणार नाही.”

मेहुण्याने फोनवरचे छायाचित्र पुढे केले. मिस्त्रीने ते बोटांनी मोठे केले, आणखी मोठे केले. जोडाच्या कडेने नजर फिरवली. खोट शोधत होता, सापडली नाही.

“ठीक आहे,” तो म्हणाला.

“नुसतं ठीक?”

“अरे, ठीक आहे म्हटलं ना! चहा घे.”

ते पोटातले दुखणे मी कपाटातून ओळखले. त्या क्षणी त्या घरात आम्ही दोघे सारखे होतो : एकाची जागा यंत्राने घेतलेली, दुसऱ्याची मेहुण्याने. फरक एवढाच, की माझी जागा गेली ती त्याच्यामुळे.

चहा झाल्यावर मेहुण्याने सांगितले, की लाइनवरचा एक सुतार दातांचे असेच उपकरण लावतो आणि गाढ झोपतो. पण त्याचे पट्ट्यांचे आहे, स्क्रूचे नाही. मिस्त्री सावरून बसला. पट्ट्यांचे! म्हणजे पहिल्या उपकरणातच खोट होती. दुसरे करून घ्यावे, प्रमाण दहाच्या आत आणावे, आणि दोन महिन्यांनी लाइन पुढे सरकेल आणि नवी टोळी ठरेल, त्याआधी परत जावे. त्याचे डोळे कितीतरी महिन्यांनी लकाकले. आणि मी, जे आतापर्यंत एका यंत्रावर जळत होते, ते अजून जन्मालाही न आलेल्या एका पट्टेवाल्यावर जळू लागले.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी लगदा कालवायला घेतला आणि हात थांबवला.

“जुनं आणलंय का?”

“ते कशाला? ते बाद झालं.”

“का बाद झालं ते कळल्याशिवाय दुसरं तसंच करू का?”

बायकोने पिशवीतून माझी डबी काढली. तिने मिस्त्रीला न विचारता मला बरोबर घेतले होते. त्याबद्दल मी तिचे सगळे विणकाम माफ केले आहे. बाईंनी मला दिव्याखाली धरले, उलटे केले, खिळी लावून पाहिली.

“हे स्क्रू पूर्ण बंद आहेत.”

“मग!” मिस्त्री खुशीने म्हणाला. “हयगय नाही केली. घट्ट बसवलेत.”

बाईंनी खिळी भोकातून काढली. मग मला आणि खिळीला त्याच्या तळहातावर ठेवले. “कसं फिरवत होता, दाखवा.”

इतकेच. सव्वा दोन वर्षांत हे चार शब्द कोणी उच्चारले नव्हते. त्याने खिळी भोकात घातली आणि बाणाच्या उलट जोर दिला.

“बाण कुणीकडे आहे?”

“बाण चुकीचा आहे, बाई. लाल आहे ना. लालला उलटे आटे—” तो थांबला.

“मी म्हटलं होतं,” बायको म्हणाली. “हे दातांचं आहे, सिलिंडर नाही, असं मी म्हटलं होतं.”

बाईंना हसू आवरेना. त्या खुर्चीवर टेकल्या, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, “चूक माझी. मी दाखवायला हवं होतं. आणि रंग हिरवा हवा होता.” मग त्यांनी दोन्ही स्क्रू पंधरा फेरे उघडून मला पूर्वपदावर आणले, आणि मिस्त्रीकडून पुढचा एक फेरा समोर करून घेतला. बाणाच्या दिशेने.

पट्टेवाल्याचा लगदा टोपलीत गेला. तो पडल्याचा आवाज मी कान देऊन ऐकला.

त्यानंतरचे सहा आठवडे मी माझे काम केले. त्याविषयी मी फार सांगणार नाही, कारण नीट झालेल्या कामाला कहाणी नसते. जबडा थोडा दुखला, मग दुखायचा थांबला. साहेबांवर निळे झाकण घातले गेले आणि टेबलावर, झाकणाशेजारी, माझी डबी आली. तपासणी झाली. ताशी सात. चार नव्हेत, हे मला ठाऊक आहे. कृपया कोणी आठवण करून देऊ नये. सात हे दहाच्या आत आहेत, आणि मी खिशात मावते.

पण मिस्त्रीला लाइनवर जाता येईना. कंपनीच्या डॉक्टरांनी फाइल परत पाठवली. सातव्या पानावर हेच उपकरण निष्फळ ठरल्याची नोंद आहे. निष्फळ उपकरणाच्या भरवशावर माणसाच्या हाती आग कशी द्यावी? प्रश्न रास्त होता. जुनी नोंद रद्द करायची तर दुरुस्तीच्या अर्जावर कारण हवे होते, आणि ते रुग्णाच्याच हस्ताक्षरात. लाइन चार दिवसांनी पुढे सरकणार होती.

आपली कहाणी सांगणाऱ्याने शेवटी काही मागावे, अशी रीत आहे, म्हणून ते इथेच मागून घेते. मित्रांनो, तुमच्या घरात कोणी मोठे माणूस माझ्यासारखे काही वापरत असेल, तर त्याला गरम पाण्यात टाकू देऊ नका, आम्ही वाकडे होतो. सकाळी थंड पाण्याने, मऊ ब्रशने धुवा, भोके असलेल्या डबीत कोरडे ठेवा. आणि ‘केलं का’ असे विचारू नका. ‘कसं करता ते दाखवा’ असे म्हणा. ‘केलं का’ याला माणूस अगदी खरे उत्तर देऊनही स्वतःचा श्वास कोंडून घेऊ शकतो.

झोपेच्या डॉक्टरांनी अर्ज टेबलावर सरकवला. मी मिस्त्रीच्या वरच्या खिशात होते. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांना स्वतःच्या तीन वाक्यांची लाज वाटत असावी.

“एक ओळ लिहा, मिस्त्री. ‘बाणाच्या लाल रंगामुळे गैरसमज झाला.’ पुरे. तुमचंही भागेल, माझंही.”

“एवढंच लिहू?”

“एवढंच. खरंच आहे ना ते?”

मिस्त्रीने बायकोकडे पाहिले. ती खिडकीबाहेर पाहत होती. मीही तेच लिहिले जाणार असे धरून चालले होते. गैरसमज ही माझ्या मते आधीच पुरेशी अब्रू घालवणारी गोष्ट होती, आणि मी तीवर समाधान मानायचे ठरवले होते. त्याने पेन उचलले. एक ओळ लिहायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. मग त्याने अर्ज डॉक्टरांपुढे ठेवला. डॉक्टरांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला, आणि खाली सही केली. तो कागद आता फाइलमध्ये आहे. मी त्यातला एक शब्दही बदललेला नाही :

‘कारण : पहिले दोन आठवडे गैरसमज होता. तिसऱ्या आठवड्यात उपकरण लावल्यावर मला आरशात दिसलं, की जबडा पुढे यायच्या ऐवजी मागे चाललाय. तेव्हाच कळलं, मी उलटं फिरवतोय. पण त्याच आठवड्यात लाइनवरून निरोप आला होता, की माझा मेहुणा माझ्यापेक्षा चांगले जोड करतो. त्या दिवसांत माझ्या हातून साधा स्क्रूसुद्धा चुकला असं मला कोणाला सांगवलं नसतं, बायकोलाही नाही. म्हणून मी तसाच फिरवत राहिलो आणि उपकरण वाईट आहे असं सगळ्यांना सांगितलं. उपकरण चांगलं होतं.’